कॉम्बो आयवॉश-शॉवर: व्हॉल्व्ह उत्तम, टोप्यांनी घात केला

रसायन उडालं तर डोळे आणि अंग लगेच धुवायचं हे युनिट. आमचं कॉस्टिक लाय (कॉस्टिक सोड्याचं द्रावण) टँकरमधून उतरवतात तिथे बसवलेलं, एसएस ३०४ स्टेनलेस स्टीलचं, हाताने ढकलायची पुश प्लेट आणि पायपट्टीवालं. स्पेक्स सगळ्यांना ठाऊक आहेत. मला बोलायचंय ते डोळ्यांवर पाणी सोडणाऱ्या दोन नोझलवरच्या डस्ट कॅपबद्दल, म्हणजे धूळ अडवणाऱ्या टोप्यांबद्दल.

पाणी सुटलं की टोपी आपोआप उडायला हवी. या टोप्या कडक आणि घट्ट आहेत. बोअरचं जड पाणी कडेला सुकतं, क्षार धरतो आणि टोपी चिकटून बसते. एक उडते, दुसरी जागची हलत नाही. डोळ्यात कॉस्टिक गेलं की पापण्या मिटून जातात. त्या दोन्ही हातांनी ताणून धराव्या लागतात. मग टोपी काढायची कोणी? आणि कॉस्टिकसारखी अल्कली थांबत नाही, कॉर्नियात (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात) आत आत उतरत जाते.

सर्व्हिसवाल्यांचं एकच पालुपद: "तुमच्या लाइनला प्रेशर नाही." गेजवर अडीच बार स्पष्ट दिसत होते. बादली लावून मोजलं तर आय-फेस वॉशला (डोळे आणि चेहरा दोन्ही धुणाऱ्या धारेला) मिनिटाला ११.४ लिटर हवेत, पडत होते जेमतेम सात. स्ट्रेनर (पाण्याची गाळणी) उघडल्यावर जाळीत जीआय (गॅल्व्हनाइज्ड लोखंडी) पाइपाचा गंज आणि टेफ्लॉन टेपचे तुकडे निघाले. साफ केल्यावर बारा लिटर. म्हणजे कमी धारेचा दोष युनिटचा नव्हता, तिथे माझं मत बदललं. टोपी मात्र पुऱ्या धारेलाही अडली. शेवटी मऊ सिलिकॉनच्या सैल टोप्या बसवल्या, तेव्हा दोन्ही एकदम उडायला लागल्या. एवढ्या महागड्या युनिटला त्या आधीच का देत नाहीत?

बॉल व्हॉल्व्ह मात्र झकास. प्लेट ढकलली की सेकंदाच्या आत उघडतो आणि हात काढला तरी उघडाच राहतो. पंधरा मिनिटं धुवायचं तर हे हवंच. सोबत फुकट मिळालेल्या डोळे धुवायच्या ५०० मिलीच्या बाटलीवर कोणी विसंबू नका. नुसत्या आयवॉशची किमान धार मिनिटाला दीड लिटर, त्या हिशोबाने ती वीस सेकंदांत संपते. युनिटपर्यंत पोचेस्तोवर, एवढाच तिचा उपयोग.

उघड्यावरच्या जीआय लाइनला इन्सुलेशन करून घ्या. पाणी १६ ते ३८ अंशांत हवं, आणि मे महिन्यात दुपारी पाइपात साचलेलं पाणी चटका देतं.

नवीन घेणार असाल तर टोप्यांऐवजी प्लेटला जोडलेलं झाकण मागा, पीओतच (खरेदीच्या ऑर्डरमध्येच) लिहा. टोप्याच असतील तर आठवड्याच्या चाचणीत त्या हाताने काढून ठेवू नका; लावलेल्या असतानाच प्लेट ढकला आणि दोन्ही उडतात का ते बघा.