डीएस-१ विकलं, एसडी-१ ठेवलं: दहा महिन्यांनंतर

मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. हळद, वाढदिवस, गणपतीचे दहा दिवस, असं काम. त्यामुळे खालचं सगळं घरात एकट्याने वाजवणाऱ्यांना लागू पडेलच असं नाही.

फेब्रुवारीत एकाच आठवड्यात दोन सेकंडहँड पेडलं घेतली, म्हणजे गिटारचा आवाज फाटका करणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या पेट्या. बॉस कंपनीचं केशरी डीएस-१ (डिस्टॉर्शन) आणि त्याच कंपनीचं पिवळं एसडी-१ (ओव्हरड्राइव्ह, म्हणजे जरा सौम्य फाटणं). पहिलं १९७८ सालचं डिझाइन, दुसरं १९८१ चं. पेटी सारखीच, नॉब तीन-तीनच. दोन्ही मिळून ६,५०० रुपयांना पडली.

पहिल्या रात्री घरच्या छोट्या प्रॅक्टिस अँपवर डीएस-१ ने बाजी मारली. खालचे सूर भरभक्कम, वरचे धारदार, एक कॉर्ड मारली की खोली भरून जायची. त्याच्यापुढे एसडी-१ सर्दी झाल्यासारखं नाकातून बोलत होतं. "हे पिवळं विकून टाकतो," मी बायकोला म्हणालो. "मग घेतलंस कशाला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग एक हळद झाली. कीबोर्ड, बास, ऑक्टोपॅड, ढोलकी, दोन गायक. सोलो आला, मी डीएस-१ वर पाय दिला आणि गिटार गायब! साउंडवाल्या पोराने लांबून खूण केली: दादा, जॅक निघाला का? जॅक जागेवर होता. झालं असं की डीएस-१ चा टोन मध्यावर ठेवला की ५०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज खाली बसतो. एकटं वाजवताना तेच भारी वाटतं. बँडमध्ये मात्र खालचा भाग बास आणि ढोलकीने घेतलेला असतो, वरचा झांजा आणि कीबोर्डने. गिटारला मधली जागाच उरते, आणि नेमकी तीच आपण सोडून बसतो.

पुढच्या कार्यक्रमाला पिवळं नेलं. याची रचना उलटी: साधारण ७२० हर्ट्झच्या खालचे सूर कमी फाटतात, मधले पुढे येतात. घरी जे नाकातलं वाटत होतं, तेच त्या गोंगाटात स्वच्छ ऐकू आलं. साउंडवाल्याने मिक्सरवरच्या फेडरला (आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीला) हातही लावला नाही. आता माझं सेटिंग घड्याळाच्या भाषेत असं: ड्राइव्ह (फाटण्याचं प्रमाण) नऊ वाजता, टोन एक, लेव्हल तीन. ड्राइव्ह बाराच्या पुढे नेलं तर सूं असा आवाज वाढतो, आणि एवढ्या ड्राइव्हची गरज मला तरी कधी पडली नाही.

बरेच जण विचारतात, ट्यूब स्क्रीमर (आयबनेझ कंपनीचं ओव्हरड्राइव्ह पेडल) का नाही? मित्राचं आयबनेझचं मिनी रिहर्सलला लावून बघितलं. मी पाठ करून बसलो, तो पेडल बदलत होता. सहापैकी तीनदा ओळखलं, म्हणजे छापा-काटा केला असता तरी चाललं असतं. ट्यूब स्क्रीमर आवाजाच्या लाटेचे वरचे-खालचे दोन्ही शेंडे सारखे कापतो. एसडी-१ मध्ये शेंडे कापणारे डायोड एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एकच, म्हणून काप असमान. निवांत कानाला पिवळं किंचित खरखरीत लागतं, मंडपात काही कळत नाही. दोन्हींपैकी एकच घ्या.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते अडॅप्टरने. रस्त्यावरून घेतलेला स्वस्तातला, त्यावरून वायर फोडून एसडी-१ आणि डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) दोन्ही चालवायचो. सतत चिरचिर. मी दोन महिने केबली बदलत बसलो. शेवटी एसडी-१ मध्ये नऊ व्होल्टची बॅटरी टाकली आणि सगळं शांत. आता प्रत्येक पेडलला वेगळं आउटपुट देणारा सप्लाय घेतलाय, तो यातल्या कुठल्याही पेडलपेक्षा महाग पडला. कीबोर्डचा अडॅप्टर उसना लावू नका. पेडलला पिनच्या मध्यभागी निगेटिव्ह लागतं, कीबोर्डचं बऱ्याचदा उलटं असतं. बॅटरीवर चालवत असाल तर इनपुटचा जॅक काढून ठेवा. तो आत असला की पेडल बंद दिसलं तरी बॅटरी उतरत राहते.

गणपतीत गुलालाने नॉबचा घात केला. लेव्हल फिरवली की चर्र. कॉन्टॅक्ट क्लीनर मारल्यावर गेलं. अंधारात बूट लागून नॉब हलतात, म्हणून बायकोच्या नेलपॉलिशने तिन्हींवर लाल ठिपके दिलेत. भर उन्हात पेडलचा दिवा दिसत नाही, त्यावर उपाय सापडलेला नाही.

डीएस-१ खालच्या मजल्यावरच्या कॉलेजच्या पोराला दिलं. तो एकटाच वाजवतो, रात्री दहापर्यंत. फरशीतून ऐकू येतं, आणि खरं सांगतो, तिथे ते जबरदस्त वाजतं.