होस्ट फॅमिलीच्या नावाखाली पावणेपाच लाख

माझ्या मुलीला अकरावीनंतर एक शैक्षणिक वर्ष अमेरिकेतील हायस्कूलमध्ये, तेथील कुटुंबात राहून शिकायला मिळावे, अशी आम्हा नवरा-बायकोची फार इच्छा होती. पुण्यातील एका एजंटाने नेमकी ती इच्छा ओळखून चार महिन्यांत आमच्याकडून ४ लाख ७५ हजार रुपये काढून घेतले. ज्यांच्या घरी सध्या अशीच तयारी चालू असेल, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

पहिल्याच भेटीत त्याने तयारीची छापील पुस्तिका हातात ठेवली. आज राग बाजूला ठेवून सांगते, पुस्तिका चांगली होती. आपले कपडे आपण धुवावेत, घरातील सर्वांसह जेवणानंतरची आवराआवर करावी, नेहमीच्या औषधांची चिठ्ठी आणि लसीकरणाची नोंद इंग्रजीत जवळ ठेवावी, काय खात नाही ते आधीच स्पष्ट कळवावे, हे सारे त्यात होते. आमचे घर दोन महिने त्या पुस्तिकेवर चालले. मुलगी वॉशिंग मशीन लावायला शिकली, उकड काढायला शिकली, भेट म्हणून वारली चित्रांच्या पुस्तकखुणा घेऊन आली. होस्ट फॅमिलीला लिहायचे पत्र तिने चार वेळा फाडून पुन्हा लिहिले. आपण अंडी खातो पण गोमांस खात नाही, कुत्र्यांची थोडी भीती वाटते आणि गणपतीत मोदक करायला आवडतील, असे तिने त्यात लिहिले होते. तिसऱ्या दिवशी ‘होस्ट आई’चे उत्तर आले: आमचा कुत्रा अगदी गरीब आहे, आणि तांदळाची पिठी आम्ही शोधून ठेवू. असे उत्तर वाचल्यावर कागदपत्रे मागायचे आम्हाला सुचलेच नाही.

नोंदणीचे ७५ हजार आधीच दिले होते. उत्तरानंतर आठवड्याभरात यजमान कुटुंबाच्या खर्चापोटी दरमहा २४ हजारांप्रमाणे दहा महिन्यांचे २ लाख ४० हजार, आणि पुढे शाळेतील जागा राखण्यासाठी १ लाख ६० हजार, असे पैसे वेगवेगळ्या वैयक्तिक खात्यांत भरायला सांगण्यात आले.

येथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. विद्यार्थी देवाणघेवाणीच्या जे-१ व्हिसावर जाणाऱ्या मुलांना घरात ठेवणारी कुटुंबे त्यासाठी मोबदला घेत नाहीत. ती स्वेच्छेने मुलांना घरात घेतात. एफ-१ व्हिसावर खासगी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत कुटुंबाला दरमहा पैसे देण्याची पद्धत आहे, पण तो मार्गच वेगळा. आमचा एजंट कागदावर जे-१ दाखवत होता आणि पैसे एफ-१ सारखे मागत होता. एवढे एक माहीत असते, तर निदान ते २ लाख ४० हजार वाचले असते.

संशय प्रथम मुलीला आला. ओहायोतील घराच्या म्हणून पाठवलेल्या फोटोत दारात उभ्या असलेल्या गाडीचे स्टिअरिंग आपल्यासारखे उजवीकडे होते. मग तिने सगळ्या ईमेलच्या वेळा काढल्या. त्या आपल्या सकाळी ११ ते संध्याकाळी ६ या वेळातच आल्या होत्या, म्हणजे बऱ्याचशा ओहायोत मध्यरात्र उलटून गेल्यावर. रविवारी एकही नाही, आणि १ मे रोजीही नाही. तिकडच्या बाईंना महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती!

त्यानंतर एजंटाने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या डीएस-२०१९ फॉर्मवर (जे-१ व्हिसासाठी प्रायोजक संस्था देते ते प्रमाणपत्र) ज्या प्रायोजक संस्थेचे नाव होते, तिचा पत्ता आम्ही अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीतून घेतला आणि थेट विचारले. दोन दिवसांत उत्तर आले की हा फॉर्म त्यांनी दिलेलाच नाही. खऱ्या व्यवस्थेत शाळेचा लेखी प्रवेश लागतो, घराची प्रत्यक्ष पाहणी होते, घरातील १८ वर्षांवरील प्रत्येकाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते, आणि संस्थेचा स्थानिक समन्वयक त्या घरापासून १२० मैलांच्या आत राहणारा असावा लागतो. त्या समन्वयकाचे नाव आम्ही एकदाही विचारले नव्हते. ‘बारावी करून पाठवले तरी चालेल’ असे एजंट सहज म्हणाला होता, तेव्हाही आम्ही मान डोलावली. प्रत्यक्षात ११ वर्षांहून अधिक शालेय शिक्षण पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला हा कार्यक्रम बंद असतो.

सायबर फसवणुकीची तक्रार करण्याच्या १९३० या क्रमांकावर फोन करायला आम्ही तीन आठवडे उशीर केला, कारण एजंट रोज ‘उद्या पैसे परत करतो’ म्हणत होता. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदवला गेला आहे. आतापर्यंत ३८ हजार रुपये गोठवता आले. बाकीची रक्कम ज्या खात्यांतून पुढे गेली, त्यांतील दोन खाती कॉलेजात शिकणाऱ्या मुलांची निघाली.