क्विकमॅप: बर्फातला घाट, चिपळुणातून पाहिलेला

मुलगी आणि जावई सॅक्रामेंटोला राहतात आणि हिवाळ्यात अधूनमधून शुक्रवारी संध्याकाळी गाडीने डोंगरातल्या ट्रकी या गावाला जातात. त्यांची शुक्रवार संध्याकाळ म्हणजे आमच्या चिपळुणातली शनिवार सकाळ, त्यामुळे चहा होईपर्यंत मी कॅलिफोर्नियाच्या परिवहन खात्याचा, म्हणजे कॅलट्रान्सचा, रस्त्यांची ताजी स्थिती दाखवणारा ‘क्विकमॅप’ हा नकाशा उघडून बसतो. कुंभार्ली घाटात अठ्ठावीस वर्षे एसटी चालवलेल्या माणसाला, घाट कुठलाही असो, वर काय चालले आहे हे कळल्याशिवाय चैन पडत नाही.

सॅक्रामेंटो चिपळुणासारखेच जवळजवळ समुद्रसपाटीला आहे आणि तिथून ट्रकीकडे जाणारा आय-८० महामार्ग डॉनर समिट या घाटमाथ्यावर सुमारे २,२०० मीटर उंची गाठतो. खाली कोरडा रस्ता पाहून निघालेल्या गाडीला वर बर्फ लागतो, आणि तेव्हा चाके घसरू नयेत म्हणून टायरला साखळ्या बांधायच्या की नाहीत हे चालकाच्या मर्जीवर न राहता हुकमाने ठरते. त्या हुकमाच्या आर-१, आर-२ आणि आर-३ अशा चढत्या कडक तीन पायऱ्या आहेत. आर-१ लागू असताना बर्फाचे, म्हणजे बर्फावर पकड घेणारे, टायर असलेल्या मोटारीला साखळ्या बांधण्याची सक्ती नसते, मात्र त्या गाडीत बाळगाव्या लागतात. आर-२ मध्ये ही सवलत चारही चाकांना बर्फाचे टायर असलेल्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांपुरतीच उरते. आर-३ मध्ये कोणालाच सूट नाही, पण बहुधा ती वेळ येण्याआधीच रस्ता बंद करतात.

हा हुकूम कुठल्या टप्प्यावर लागू आहे, ते हा मोफत नकाशा दाखवतो. जावयाच्या फोनमधले वाट दाखवणारे दुसरे एक ॲप किती मिनिटे उशीर होईल एवढेच सांगते, साखळीबद्दल अवाक्षर काढत नाही. साखळ्या चढल्या की वेगमर्यादा ताशी ४० ते ४८ किलोमीटरवर येते, मग त्या मिनिटांना काय अर्थ राहिला?

मला सर्वांत भावले ते रस्त्यावरचे कॅमेरे. पांढऱ्या रस्त्यावर चाकांच्या दोन काळ्या रेघा दिसत असतील तर वाहतूक चालू आहे. त्या रेघा बुजू लागल्या की बर्फ गाड्यांपेक्षा वेगाने पडतो आहे, एवढे इथे बसूनही समजते. आमच्याकडे जुलैत ‘घाट बंद’ म्हणून जो फोटो मोबाइलवर फिरतो, तो यंदाचा की २०२१च्या पुराचा, हेच आधी शोधावे लागते.

अर्थात नकाशाला तुमची गाडी ठाऊक नसते. नियम आपल्या गाडीला लावून पाहण्याचे काम चालकाचेच, आणि तो हुकूमही त्या घडीचा असतो, दोन तासांनंतरचा नव्हे. मुलीच्या गाडीचा जोर पुढच्या चाकांवर आहे, म्हणून साखळ्याही पुढेच बांधायच्या. जावयाने त्या घराच्या पार्किंगमध्ये दोनदा बांधून आणि सोडून पाहिल्या, तेव्हा कुठे माझे समाधान झाले.

गेल्या जानेवारीत एका शनिवारी सकाळी आर-२ दिसले आणि कॅमेऱ्यात रेघाही नव्हत्या. फोन केला तर मुलगी म्हणाली, “बाबा, आम्हीही तेच बघतोय. उद्या सकाळी निघू.” रात्री साडेनऊला, म्हणजे त्यांच्या सकाळी आठला, मी पुन्हा नकाशा उघडला तेव्हा तिथे आर-१ आले होते. बर्फाचे टायर होतेच. साखळ्या डिकीत टाकून ती दोघे निघाली.