शेततळ्यातल्या माशांना काय घालावं: शेंगदाणा पेंड की सोया डीओसी?

रोहू-कटल्याला भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड निम्मीनिम्मी, हा जुना हिशोब. पेंड घाण्यावर मिळते, मासे आवडीने खातात, प्रथिनंही ४० टक्क्यांच्या वर. गोची आहे ती साठवणीत. पावसाळ्यात पोतं ओल धरतं, बुरशी येते आणि तिच्यातून अफलाटॉक्सिन नावाचं विष. ते माशाच्या यकृतावर घाव घालतं आणि उकळूनही जात नाही. पोत्यात हात घालून बघा: ढेकळं चिकटलेली, हिरवट झाक, कुबट वास असेल तर भाव कितीही पाडून मिळो, घेऊ नका. (गुरांनाही घालू नका, ते विष दुधात उतरतं.)

सोया डीओसीत (तेल काढून उरलेला सोयाबीनचा चोथा) प्रथिनं साधारण ४४ ते ४८ टक्के, शिवाय शेंगदाण्यात कमी पडणारा लायसिन हा प्रथिनांतला घटक भरपूर. मेथिओनिन हा तसाच दुसरा घटक मात्र दोन्हीकडे तोकडाच. कच्च्या सोयाबीनमधले पचन अडवणारे घटक उष्णतेने निकामी होतात. त्यामुळे घरचं सोयाबीन नुसतं दळून तळ्यात टाकणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. तेल काढून घेतलेलं असल्याने डीओसी लवकर खवटही होत नाही.

माझं मत डीओसीकडे झुकतं, निदान जून ते सप्टेंबर. कोरड्या दिवसांत ताजी पेंड दारात मिळत असेल तर खुशाल तीच वापरा.