अंदमानच्या फोटो टूरचं पोस्टर आलंय? पैसे भरायच्या आधी हे वाचा

पाण्याखाली पोहणारा हत्ती, वर आकाशगंगा, कोपऱ्यात सेल्युलर जेल आणि खाली ‘मोजक्याच सीट शिल्लक’. असं पोस्टर तुमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपवर फिरत असेल तर एक रुपयाही पाठवू नका. बेळगाव आणि खानापूरच्या आम्हा फोटोग्राफरांचे माणशी 38 हजार त्यात अडकलेत.

आम्ही बहुतेक सगळे लग्नाचे फोटोग्राफर. तुळशीचं लग्न झालं की सराई सुरू, मग जेवायलाही फुरसत नाही. धनुर्मास लागला की मुहूर्त बंद, तेव्हा जरा मोकळे. एरवी पावसाळ्यात आंबोलीचे बेडूक नाहीतर दांडेलीचे धनेश, एवढीच आमची धाव. ही टूर काढणाऱ्या माणसाला हे सगळं पक्कं ठाऊक होतं. टूरच्या तारखा बरोबर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या. स्वतःला मेंटर म्हणवून घ्यायचा, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडी ‘सर, सर’. आणि सावरकरांचं नाव त्यानं किती बेरकीपणानं वापरलं! “1950 साली त्यांना तुमच्या बेळगावच्याच तुरुंगात ठेवलं होतं. आता त्यांची अंदमानची कोठडी तुमच्या कॅमेऱ्यात यायला नको काय?” यातली 1950 ची गोष्ट खरी आहे. एक खरी गोष्ट पुढे करायची आणि तिच्या आडून दहा खोट्या खपवायच्या, ही त्याची पद्धत.

सीट धरायला 12 हजार, मग विमान आणि हॉटेलसाठी 26 हजार. “भरूया की रे, एवढे मोठे सर, पळून काय जातायत?” असं ग्रुपवर एकानं लिहिलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे स्क्रीनशॉट पडले.

आता ते पोस्टर बघू. आपण फोटोग्राफर आहोत, तेव्हा माणूस तपासायच्या आधी चित्र तपासणं आपल्याला सोपं.

पहिला तो हत्ती. ‘पोहणाऱ्या हत्तीसोबत अंडरवॉटर शूट’ असं वचन होतं. हा हत्ती म्हणजे राजन. लाकूड ओढायच्या कामासाठी अंदमानात आणलेला, पुढे हॅवलॉक बेटावर राहिला आणि समुद्रात पोहतानाच्या फोटोंमुळे जगभर गाजला. 2016 साली तो वारला. त्याच्या सोबत शूट करायचे पैसे आमच्याकडून आता घेतले होते! फोटो गूगल लेन्समध्ये टाकला की जुन्या प्रती धडाधड समोर येतात.

दुसरी आकाशगंगा. राधानगर बीचवर रात्री तिचा झगझगीत मधला भाग टिपायचा, असा कार्यक्रम. आपल्याकडे धनुर्मास कशाला म्हणतात? सूर्य धनु राशीत असतो म्हणून. आणि आकाशगंगेचा तो मधला भाग धनु राशीच्याच दिशेला आहे. म्हणजे डिसेंबरअखेर तो सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्याबरोबर मावळतो. रात्री दिसायचा प्रश्नच नाही, मग बेट अंदमानचं असो की आणखी कुठलं. ज्यानं एकदा तरी तो फोटो स्वतः काढलाय, तो डिसेंबरची तारीख देणार नाही. मेंटरगिरीची परीक्षा इथंच झाली असती.

तिसरी गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. ‘जारवा पोर्ट्रेट सेशन’. जारवा म्हणजे अंदमानातली एक आदिम जमात. जारवांच्या राखीव क्षेत्रातून अंदमान ट्रंक रोड जातो. तिथं गाड्या ताफ्यानं सोडतात, वाटेत थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही. 1956 च्या आदिम जमाती संरक्षण नियमावलीखाली तो गुन्हा आहे. कायदा एक बाजूला ठेवा, पण माणसं काय प्राणिसंग्रहालयात ठेवलेली आहेत? टूर खरी असती तरी या एका ओळीसाठी ती नाकारायला हवी होती.

कागदपत्रांचं म्हणाल तर पावती देखणी होती. कंपनी ‘प्रायव्हेट लिमिटेड’, जीएसटी क्रमांकही छापलेला. हा क्रमांक 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: आपल्या कर्नाटकाचे 29, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्या पॅनचं चौथं अक्षर कंपनी असेल तर ‘सी’, एकटा माणूस असेल तर ‘पी’. आमच्या पावतीवर 27 होता आणि त्या जागी ‘पी’. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक घातला तर नाव भलत्याच कुणाचं, धंदाही भलताच. पैसे गेले ते खातंही कंपनीचं नाही, एका बाईचं बचत खातं. विचारल्यावर उत्तर, “ऑडिट चालू आहे, म्हणून मिसेसचं दिलंय.”

विमानाच्या तिकिटात तर त्यानं कमालच केली. बेळगावच्या सांबरा विमानतळाहून बंगळूर, तिथून पुढे पोर्ट ब्लेअर. पीएनआर पाठवला, विमान कंपनीच्या साइटवर आमची नावंही दिसली. मग शंका कोण घेणार? नंतर त्यानं ती तिकिटं रद्द केली आणि परतावा स्वतः घेतला. बुकिंगला मोबाइल आणि ईमेल त्याचाच, त्यामुळे रद्द झाल्याचा निरोप आम्हाला आलाच नाही. दुसऱ्यानं तिकीट काढलं तर आपला नंबर त्यावर घालायला लावा आणि पीएनआर मधूनमधून पुन्हा तपासत राहा.

त्यानंतर सुरू झालं वादळ. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा, बोटी बंद, तारीख पुढे. नोव्हेंबर-डिसेंबरात तिकडं वादळं होतात, म्हणून हे पटतंही. पण हवामान खात्याच्या पत्रकात त्या दिवसांत अंदमानसाठी इशारा नव्हता. हा घोळ वेळ काढण्यासाठी असतो, कारण तेवढ्यात पैसा एका खात्यातून दुसऱ्यात सरकतो. संशय आला की ‘सरां’ना जाब विचारत बसू नका, आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पैसे खात्यात असतील तरच ते गोठवता येतात. आमच्यापैकी ज्यानं सर्वांत शेवटी भरले, त्याचीच काही रक्कम अडवली गेली.

सीमाभागातल्यांना आणखी एक ताप. खातं महाराष्ट्रातल्या शाखेचं, आपण राहणार कर्नाटकात. ठाण्यात आम्हाला ऐकवलं, “तिकडं जाऊन द्या तक्रार.” तसं परत यायचं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. झिरो एफआयआर म्हणतात ती हीच. आमच्यातल्या एका चिकोडीच्या मित्रानं तक्रार कन्नडमध्ये लिहून दिली, तेव्हा काम हललं. यावर कुणाला भाषेचा वाद घालायचा असेल तर घाला. मला पैसे परत हवेत.

ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा आहे, तोही सोडू नका. 2019 च्या कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात दावा लावता येतो, कोल्हापूर-पुण्याचे हेलपाटे नकोत. भरलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर शुल्कही नाही. आमचे कागद तयार होतायत.

निपाणी आणि संकेश्वरकडचेही काही जण याच माणसाकडे अडकलेत असं कानावर आलंय. त्यांनी आपापली तक्रार वेगळी द्यावी आणि पैसे गेले त्या खात्याचा क्रमांक त्यात न चुकता लिहावा. खातं एकच निघालं तर तपासाला धागा मिळेल. रागाच्या भरात चॅट उडवू नका, ग्रुपमधून बाहेर पडू नका. त्याचे व्हॉइस मेसेज फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण तो ते मागाहून पुसतो.