मातीचा मॉइश्चर सेन्सर बायोडिझेलच्या बियांत वापरून बघितला, तीन महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू त्या काळ्या चपट्या कपॅसिटिव्ह (म्हणजे आसपासच्या वस्तूत विजेचा भार किती साठतो यावरून ओलावा ओळखणाऱ्या) सॉइल मॉइश्चर सेन्सरचा आहे, तोच तो, तीन तारांचा, वर १.२ व्हर्जन छापलेला. कुंडीसाठी घेतला असाल तर पुढचं वाचायची गरज नाही, बिनधास्त वापरा. मी तो मोगली एरंडाच्या (जट्रोफाच्या) बियांत खुपसला आणि तिथून सगळं रामायण सुरू झालं.

मुळात गरज का पडली ते सांगतो. आम्ही दोघं भाऊ छोट्या एक्सपेलरवर (स्क्रूने बी दाबून तेल काढायचं मशीन) तेल काढून बायोडिझेल बनवतो, छंदच म्हणा, आणि एक अख्खी बॅच आमची साबण होऊन बसली. रिॲक्टरमध्ये तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घातलं, ढवळलं, आणि सकाळी बघतो तर खाली ग्लिसरीन वर डिझेल असं काही नाहीच, सगळं मिळून पिवळट जेली. टायट्रेशन (ॲसिड किती आहे ते मोजायची चाचणी) केल्यावर कळलं की तेलातलं फ्री फॅटी ॲसिड, म्हणजे तेल फुटून सुटं झालेलं ॲसिड, खूप वाढलेलं. आता तेलात नुसतं पाणी असतं तर तापवून उडवता येतं हो, ११० डिग्रीला नेलं की जातं, पण बी ओलं असताना पोत्यात पडून राहिलं की बियांतलंच लायपेझ एन्झाइम तेल फोडत बसतं आणि जे ॲसिड तयार होतं ते कितीही तापवा, जात नाही. ॲसिड १-२ टक्क्यांच्या वर गेलं की मग आधी सल्फ्युरिक ॲसिड आणि मिथेनॉलची वेगळी पायरी करा, मग नेहमीची कॉस्टिकची, म्हणजे काम डबल. त्यामुळे ओलावा पकडायचा तर पोत्यातच, तेल निघाल्यावर उपयोग नाही.

त्यात तेलबियांचा एक घोळ आहे जो मला आधी माहीतच नव्हता. गहू १२-१३ टक्क्यांवर आरामात टिकतो म्हणून मी तोच आकडा धरून चाललेलो. पण बियांत तीस-चाळीस टक्के तेल असेल तर तेल काही पाणी धरत नाही, सगळं पाणी उरलेल्या भागात असतं, म्हणजे वजनाने ९ टक्के दिसलं तरी त्या उरलेल्या भागाच्या मानाने ते तेरा ते पंधरापर्यंत जातं. म्हणून साठवायला ८ च्या खालीच बरं. उलट अगदी खडखडीत वाळवलं तर एक्सपेलर तापतो, चुरा फार येतो, जाळी चोक होते. ओलं असलं तर बी स्क्रूवर घसरतं, पेंड मऊ लगदा येते आणि तेल पेंडेतच राहतं. आमच्या मशीनला ६ ते ७ टक्के मानवतं, तुमच्या मशीनचं वेगळं असू शकतं.

तर सेन्सर. पाच घेतले. त्यातल्या दोघांनी ३.३ व्होल्टवर काहीच हालचाल केली नाही. भिंग लावून बघितलं तर टायमर चिप टीएलसी ५५५ च्या जागी एनई ५५५ बसवलेली, जिला किमान ४.५ व्होल्ट लागतात, मग ती ३.३ वर उठणार कशी. तिसऱ्याचा आउटपुट पाण्यातून बाहेर काढल्यावर मिनिटभर हळूहळू सरकतच राहायचा, तिथे एक मेगाओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडलेलाच नव्हता. तो एका तारेच्या तुकड्याने मी जोडला आणि सुधारला. म्हणजे पाचातले दोन जन्मजात बरे, एक ऑपरेशन करून बरा. विकणाऱ्याने बदलून द्यायला नकार दिला, मातीत घालून बघा म्हणे चालेल. असो.

रीडिंग घ्यायला ईएसपी ३२ हा वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड वापरला. त्याचा आतला एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) वरच्या आणि खालच्या टोकाला सरळ रेषेत नसतो आणि वायफाय चालू असताना एडीसी २ च्या पिन वापरता येत नाहीत, हे डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय, त्यामुळे सरळ एडीएस १११५ हा बाहेरचा एडीसी लावला, १६ बिट, आयटूसी (दोन तारांवर बोलणारा), विषय संपला.

आता मुख्य गोष्ट. माझ्या पीसचं रीडिंग हवेत २६०० मिलिव्होल्ट, पाण्यात १३००, आणि बियांमध्ये ६ टक्क्यांपासून १२ टक्क्यांपर्यंतचा सगळा खेळ जेमतेम शंभर मिलिव्होल्टमध्ये. तेवढंही चाललं असतं. पण भाऊ समोर बसला होता, त्याने सहज डबा टेबलावर दोनदा ठोकला, आणि आकडा पन्नासने खाली. बी तेच, पाणी तेच. तो म्हणाला, दादा, ठोकल्यावर ओलावा वाढतो का रे? तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हा सेन्सर पाणी मोजतच नाही, त्याच्या पट्टीजवळच्या चार-दोन मिलिमीटरमध्ये काय आहे तेवढंच त्याला जाणवतं. पाण्याचा डायइलेक्ट्रिक (भार साठवायला मदत करण्याचा आकडा) ८० च्या आसपास, तेलाचा ३ च्या आसपास, हवेचा १. माती पट्टीला घट्ट चिकटते, पण मोगली एरंडाचं बी मोठं, गुळगुळीत, एखादं बी पट्टीला टेकलं तर एक आकडा, बाजूला हवा आली तर दुसरा. तुम्ही हवाच मोजत बसता.

आणखी एक गंमत. उन्हात वाळवलेलं बी लगेच मोजलं तर मस्त कोरडं दाखवायचं, तेच झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवून सकाळी मोजलं की परत ओलं. आठवडाभर मी सेन्सरलाच शिव्या घातल्या. प्रत्यक्षात वरचं टरफल वाळतं आणि आतला गर ओलाच असतो, रात्रीत ओलावा आतून बाहेर येतो, आणि सेन्सरला तर जवळचं टरफलच दिसतं. म्हणजे यात सेन्सर बरोबर होता, मी चूक. आता कुठलंही बी मोजण्याआधी रात्रभर बंद डब्यात मुरवतो.

मग पट्टी काढून टाकली आणि कप बनवला. दहा सेंटिमीटर आतल्या व्यासाचा स्टीलचा पाइप, मध्ये अडीच सेंटिमीटरचा रॉड, खाली प्लास्टिकची जाड चकती, आत पंधरा सेंटिमीटर उंची. बियांनी भरला की साडेचारशे ग्रॅमच्या आसपास बसतं, म्हणजे मूठभर बियांऐवजी खरोखरचं सॅम्पल. रिकाम्या कपाची कपॅसिटन्स (रॉड आणि पाइपमध्ये भार साठवायची क्षमता, माप पिकोफॅरड) हिशोबाने फक्त ६ पिकोफॅरड येते, आणि साध्या कोएक्सिअल वायरची मीटरला शंभरच्या आसपास, त्यामुळे वायर लांब घेतली तर तुम्ही वायरच मोजणार. बोर्ड कपाच्या बुडाला चिकटवूनच ठेवा. कपॅसिटन्स मोजायला चिप एफडीसी १००४ घेतली, प्लस मायनस १५ पिकोफॅरड रेंज आहे, शील्ड ड्राइव्ह (वायरची स्वतःची कपॅसिटन्स मापात येऊ न देणारी सोय) आहे, आणि रिझोल्यूशन इतकं बारीक की नुसता हात कपाजवळ नेला तरी आकडा हलतो. म्हणून बाहेरचा पाइप ग्राउंडला जोडला आणि मधला रॉड सेन्सिंगला, हे उलटं केलं तर वेड लागेल. या चिपला माझ्याकडून पाचपैकी पाच.

ठोकण्याचा प्रश्न वजनाने सुटला. कप लोडसेलवर (वजन मोजणारा सेन्सर) ठेवला, त्याचं रीडिंग घ्यायला एचएक्स ७११ चिप लावली, आणि भरल्यानंतर वाढलेली कपॅसिटन्स भागिले बियांचं वजन असा आकडा घेतो. बी दाटून बसलं तर दोन्ही वाढतात, सैल बसलं तर दोन्ही कमी. शंभर टक्के नाही पण बराचसा गोंधळ जातो. वर एक फनेल, खाली सरकती पट्टी, पट्टी एकदम ओढायची म्हणजे दरवेळी बी सारख्याच उंचीवरून पडतं, आणि कपाला हात लावायचा नाही, ठोकायचं तर मुळीच नाही. भावाला तशी ताकीद आहे.

कॅलिब्रेशनला वेळ लागतो, शॉर्टकट नाही. बी आधी भरडायचं, कारण टरफलासकट अख्खं बी ओव्हनमध्ये नीट वाळत नाही, दहा ग्रॅम वजन करून १०३ डिग्रीला ठेवायचं, तीन तासांनी काढून थंड करून वजन, मग तासातासाने परत, वजन हलायचं थांबेपर्यंत. माझं पहिलं सॅम्पल १०.०० चं ९.२८ झालं, म्हणजे ७.२ टक्के. थंड करताना डेसिकेटर (आतली हवा कोरडी ठेवणारं भांडं) किंवा सिलिका जेलचा डबा हवाच, उघड्यावर ठेवलं तर हवेतलं पाणी परत ओढतं. आणि हे घरच्या मिक्सरमध्ये आणि घरच्या ओव्हनमध्ये करू नका, प्लीज. मोगली एरंडात फोर्बोल एस्टर असतात, विषारी आहे ते. वेगळा मिक्सर, वेगळा ओव्हन, ग्लोव्हज.

वेगवेगळ्या ओलाव्याची सॅम्पल बनवायला पाणी मोजून घालायचं. एक किलो ६ टक्क्यांचं बी १० टक्क्यांवर न्यायचं असेल तर १००० गुणिले ४ भागिले ९०, म्हणजे ४४ ग्रॅम पाणी. मी आधी भागिले १०० केलं होतं आणि ओव्हनचा आकडा जुळेना, घातलेल्या पाण्याने एकूण वजनही वाढतं हे विसरलेलो. पाणी घालून बंद डब्यात थंड जागी चार-पाच दिवस, रोज हलवायचं.

डीएस १८बी२० हा सेन्सर तापमानासाठी बियांतच घातलाय, कारण उन्हातून आणलेलं गरम बी खऱ्यापेक्षा जास्त ओलं दाखवतं. माझा सध्या सरळ रेषेचा करेक्शन आहे, बरा चालतो, पण एकदम गरम बियांत अजून फसतो. त्यामुळे बी गार होऊ देणं हेच खरं करेक्शन.

आता रिझल्ट. ओव्हनशी ताडून बघितलं तर ५ ते १० टक्क्यांत माझा कप अर्ध्या टक्क्याच्या आत असतो. १२ च्या वर मात्र आकडा वेडावाकडा वर पळतो. त्याचं कारण माझ्या मते असं की ही चिप २५ किलोहर्ट्झवर चालते आणि बी फार ओलं असलं की त्यातून करंटही वाहायला लागतो, तो कपॅसिटन्समध्ये मिसळतो. धान्याचे भारी मीटर १५० मेगाहर्ट्झच्या आसपास मोजतात ते यासाठीच. पण मला काय, १२ च्या वर असेल तर नुसतं 'ओलं आहे, परत वाळव' असं लाल एलईडी पेटलं की पुरे.

देखभालीत एकच वैताग, तेलकट धूळ. फुटलेल्या बियांचा चुरा रॉडला चिकटतो आणि रिकाम्या कपाचा आकडा रोज थोडा थोडा वर सरकतो. मी प्रत्येक मापाआधी रिकामा कप वाचून घेतो आणि तो ठरलेल्या हद्दीबाहेर गेला की प्रोग्रॅम पुढे जाऊच देत नाही, कापड घे आणि पूस. पाण्याने धुतलात तर दिवसभर गेला समजा.

तर त्या काळ्या पट्टीला बियांसाठी दीड स्टार. अर्धा त्यातला यासाठी की पोत्याच्या तळाशी पाणी झिरपलंय का एवढं ती सांगते, तिथे एक खुपसून ठेवली आहे, कडांना नेलपॉलिश लावून, कारण कापलेल्या कडांतून पीसीबी (सेन्सरची सर्किटची पाटी) स्वतःच ओलावा शोषतो. टक्के मोजायला घेऊ नका. एफडीसीवाला कप पाच पैकी चार, एक स्टार कापला तो कॅलिब्रेशनच्या मेहनतीचा, आणि तो चिपचा दोषही नाही म्हणा.

करंजाला हाच कप वापरता येईल का म्हणून दोघांनी विचारलं होतं. कप चालेल, माझी रेषा चालणार नाही, बी चपटं आहे, एकमेकांवर आडवं बसतं, वेगळंच वागतं. पाच सॅम्पल परवा पाणी घालून डब्यात मुरत ठेवलीत, या आठवड्यात ओव्हनमध्ये जातील, आकडे आले की खाली टाकतो.