घरात रोपं करायची ऑनलाइन किट: ट्रे एक नंबर, जांभळा लाईट भंगार

आधीच सांगून देतो, मी काही नर्सरीवाला नाही. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं गाव, वावरात कापूस अन् तूर, विहिरीजवळ थोडा भाजीपाला. दरवर्षी मिरचीचं रोप माय टाकते, गादी वाफा करून, वरून राख, मुंग्या बी नेऊ नये म्हणून, अन् त्यावर कुटाराचा पातळ थर. पण मागचे दोन वर्षं मे महिन्यात पारा 45 च्या खाली उतरायचं नाव घेत नाही, उगवलं ते करपलं, वाचलं ते कोंबड्यांनी उकरलं, अन् जे वावरात गेलं ते चुरडा-मुरडा, म्हणजे पानं आकसायचा रोग, सोबत घेऊनच गेलं. म्हणून म्हटलं यंदा घरातच रोपं करून पाहू, अन् मोबाईलवर दिसलेली एक किट मागवली, 1,650 रुपये.

डब्यात काय निघालं तं 98 खड्ड्यांचे पाच प्रो-ट्रे, 650 ग्रॅमची कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या भुशाची, एक वीट, चिमट्यानं टेबलाला लावायचा चार हाताचा जांभळा एलईडी, एक फवारणीची बाटली, ट्रायकोडर्माची, म्हणजे रोगाच्या बुरशीला दाबणाऱ्या चांगल्या बुरशीची, पुडी, तापमान अन् दमटपणा दाखवणारं घड्याळासारखं छोटं यंत्र, अन् एक कागद, ज्यावर माहिती कमी अन् हसणाऱ्या बाईचा फोटो मोठा. कंपनीचं नाव लिहीत नाही, अशाच डब्यात अशाच वस्तू भरून दहा नावानं विकून राहिले सगळे.

चांगलं आधी सांगतो. ट्रे खरंच चांगले आहेत, जाड प्लास्टिक, खाली भोक मोकळं, भरून उचलला तरी मधात वाकत नाही, दोन खेप झाल्या तरी एकही खड्डा फाटला नाही. ते तापमानाचं यंत्र पण कामाचं निघालं, त्याच्याबद्दल पुढं येतंच. बाकी कोकोपीटची गोष्ट अशी की पाच ट्रे देता अन् वीट देता एक, ती भिजवून फुगवून आठ-साडेआठ लिटर होते, तीन ट्रे भरले अन् घमेलं रिकामं. पाच ट्रेचा फोटो दाखवून विकायचं अन् माल तीन ट्रेचा द्यायचा, हा हिशोब आमच्या बाजारातला वांगेवाला पण करत नाही.

दुसरं म्हणजे कोकोपीट धुवायचं असते हे कागदावर कुठंच नाही. नारळाच्या भुशात क्षार राहते, ते दोन-तीन पाण्यानं धुवून काढावं लागते, पहिलं पाणी चहासारखं लाल निघते, फिक्कं होईपर्यंत धुवायचं. आमच्या बोअरचं पाणी आधीच खारं, त्यात न धुतलेलं कोकोपीट, मग पानाच्या कडा जळतील नाई तं काय. मी पहिल्या खेपेत धुतलं नाही. शिकायला पैसे लागतात म्हणतात ते खरं आहे, फक्त किटच्या किमतीत ते धरलेलं नसते.

2 मे ला पहिली खेप टाकली, तीन ट्रे, एका खड्ड्यात एक बी, अर्धा सेंटीमीटर खोल. ट्रे एकावर एक ठेवून प्लास्टिकनं झाकून ठेवायचे म्हणजे ऊब अन् ओल टिकते, हे कृषी केंद्रातल्या पोराकडून कळलं. मिरची उगवायला आठ-दहा दिवस घेते, पण घरातल्या उबेत सहाव्या दिवशीच पहिला कोंब दिसला, अन् मी नेमका त्या दिवशी पुतणीच्या लग्नात हिंगणघाटला. सातव्या दिवशी रात्री येऊन प्लास्टिक काढलं तं आतली रोपं पांढरी धागे-धागे, दीड इंच लांब, डोक्यावर बियाची टोपी तशीच. झाकण उघडायला एक दिवसाचा उशीर पण चालत नाही. उगवताना दिसलं की लगेच ट्रे सुटे करा अन् उजेडात न्या.

आता तो जांभळा लाईट. मधल्या खोलीत टेबलावर तीन ट्रे मांडले, वरून तो चार हाताचा लाईट चिमटवला, खोली अशी दिसे की जणू ऑर्केस्ट्रा येणार आहे. डब्यावर 45 वॅट छापलेलं, हाताला जेमतेम कोमट लागे. अन् चार दिवसात काय दिसलं, तं सगळी रोपं डोक्यावरच्या लाईटकडं नाही, खिडकीच्या फटीकडं वाकलेली! दोन बोटं उन्हाची पट्टी येत होती तिथून, तिच्याकडं उगवलेल्या सगळ्या 251 रोपांनी मान वळवली. याच्यावर अजून काय रिव्ह्यू लिहायचा बाप्पा, रोपांनीच लिहून देल्ला.

अन् ह्या लाईटनं गावात जे नाव केलं ते वेगळंच. रात्री खिडकीतून जांभळा उजेड रस्त्यावर, तं पारावर चर्चा सुरू, "भाऊनं घरात गांजा लावला बे." ह्यात माझ्या पुतण्याचा पण हात होता, कारण घरात रोपं कशी करायची म्हणून त्यानं मोबाईलवर शोधलं की दहातले आठ व्हिडिओ परदेशातल्या त्याच झाडाचे, ऑटोफ्लॉवर की काय म्हणतात ते. अन् ते पाहून पाहून तो मलाच शिकवायला लागला. म्हणे ते झाड रात्र लांब झाली म्हणून फुलत नाही, आपलं वय झालं की फुलतेच, तीन-चार आठवड्यात, म्हणून लहानपणी रोप खुंटलं तं भरून निघायला वेळच राहत नाही. मी म्हटलं ते ठीक आहे, आपलं सोयाबीन रात्र मोजते, म्हणून उशिरा पेरलं की बुटकंच राहून फुलावर येते, अन् मिरचीला दिवस-रात्र लहानमोठी झाली तरी फरक पडत नाही, तू मिरचीचं बोल. अन् आपल्याकडं ते झाड कुंडीत लावलं तरी 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात दहा वर्षापर्यंत सक्तमजुरी अन् एक लाखापर्यंत दंड आहे, हे पण त्याला सांगून ठेवलं. शेवटी पोलीस पाटील स्वतः आले, चपला बाहेर काढल्या, ट्रेजवळ वाकले, पान चुरून नाकाला लावलं अन् म्हणे, "हाव ना बे, मिर्ची तं आहे." चहा घेतला. जाताना म्हणे तयार झाली की पन्नासेक मले ठेवजो.

पण खरा मार बसला तो कुलरनं. बाहेर 45, खोली 36 ला गेली म्हणून मला वाटलं रोपांना पण गारवा पाहिजे, अन् डेझर्ट कुलर चालू केला तोंड ट्रेकडं करून. त्यात कागदावर लिहिलेलं "दिवसातून दोनदा फवारा", ते पण इमानदारीनं करत होतो. त्या यंत्रावर दमटपणा 85 दाखवे, मी म्हटलं छान, ओलावा आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तं ट्रेच्या एका कोपऱ्यात दहा-बारा रोपं आडवी. पानं हिरवीगार, कुठं डाग नाही, फक्त मातीला लागून जिथं दांडी निघते तिथं सुईच्या टोकाएवढी काळी कचक, तेवढीच जागा धाग्यासारखी बारीक झालेली, अन् तिथूनच मान टाकलेली. रोप कोलमडणे म्हणतात तो रोग, बुरशी, ओल अन् कोंदट हवा मिळाली की एका रात्रीत शेजारच्या खड्ड्यात. कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक लिटरला 3 ग्रॅम टाकून पाणी देल्लं, पण जे पडलं ते उठत नसते. ट्रायकोडर्माची पुडी डब्यातच होती, ती पेरतानाच कोकोपीटमध्ये मिसळायची असते, मी तिला मसाल्याच्या पुडीसारखी नंतरसाठी जपून ठेवली होती! 251 मधून 110 वाचली, ती खाली भोक पाडलेल्या चहाच्या कागदी कपात हलवली.

माय तेव्हा फक्त एवढंच बोलली, "रोपाले पाणी पाजतेत, न्हाऊ नाई घालत." मग दुसऱ्या खेपेला पाण्याचं खातं तिच्याकडं. बाटलीला तिनं हात नाही लावला. सकाळी ट्रे एका हातानं उचलून पाहे, हलका लागला तरच पाणी, जड लागला तं परत ठेवे. पाणी पण वरून नाही, मोठ्या परातीत दोन बोटं पाणी घेऊन ट्रे त्यात पाच मिनिटं, खालून भिजू द्यायचा, मग निथळून जागेवर. संध्याकाळी काहीच नाही. वरची माती कोरडी दिसली तरी मी घाबरत होतो, ती म्हणे मूळ खाली आहे का वर?

दुसरी खेप 20 मे ला. कृषी केंद्रातून कोकोपीटचा 5 किलोचा ठोकळा आणला, तीन पाण्यानं धुतला, ट्रायकोडर्मा मिसळलं, ट्रे ब्लिचिंगच्या पाण्यानं धुवून उन्हात वाळवले, पाचही भरले. लाईटसाठी बिजलीच्या दुकानातून साध्या पांढऱ्या 20 वॅटच्या दोन एलईडी ट्यूब, चार फुटी, 220 ला एक, सुतळीनं आढ्याला टांगल्या, रोपांपासून सहा-सात इंचावर, रोप वाढलं की सुतळी वर ओढायची. सकाळी सहा ते रात्री नऊ. दिवसाला जेमतेम 0.6 युनिट, महिन्याचे 18, त्याच्यापेक्षा फ्रीज जास्त खाते. दोन ट्यूबखाली चारच ट्रे नीट बसतात, पाचवा टोकाला, म्हणून रोज एक जागा सरकवून फिरवत होतो, नाई तं टोकाच्याची वाढ मागं पडते. गावठाणची लाईन तीन-चार तास गेली तं घाबरायचं काम नाही, रोपं मरत नाही. कुलर राहिला बाजूच्या खोलीत. इथं फक्त टेबल पंखा, सगळ्यात कमीवर, पानं जराशी हालतील एवढाच, त्यानं दांडी पण जाड होते. दमटपणा 60 च्या आसपास, यंत्र तेव्हा खरं कामी आलं.

खत कागदावर "लागत नाही" लिहिलेलं. कोकोपीटमध्ये खायला नावापुरतं, बियातला साठा संपला की पानं पिवळी. पहिलं खरं पान आलं, पंधरा-सोळा दिवसांनी, तेव्हापासून आठवड्यातून एकदा 19:19:19, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत, लिटरला एक ग्रॅम, बस. एका आठवड्यात रंग बदलला.

490 मधून 438 उगवली अन् लावायच्या वेळेस 421 उभी होती. शेवटचे आठ दिवस ओसरीत, मग निंबाखाली, वरून मच्छरदाणीचं कापड, पांढरी माशी येऊ नये म्हणून, अन् पाणी कमी. 28 जूनला लावली, खड्ड्यातून काढताना मुळांचा गोळा जसाच्या तसा निघे, एक पण रोप माना टाकून बसलं नाही. वाफ्यावरच्या रोपाला हे सुख नाही, उपटताना अर्धी मुळं तिथंच राहतात. पाटलाची पन्नास सोडून कप अन् ट्रे मिळून पावणेपाचशे झाडं झाली, तीन गुंठ्याला पुरली.

आता किट घ्यायची का. पाच तारे मागतात, मी दोन देईन, ते पण ट्रे अन् त्या यंत्रासाठी. सुटं घ्या: ट्रे 25 ला एक म्हणजे पाचाचे 125, कोकोपीट 220, ट्यूब 440, ट्रायकोडर्मा 150, सगळं मिळून 935, अन् कोकोपीट पुढच्या वर्षी पण उरते. कंपनीला वीट कमी पडली म्हणून मेसेज टाकला होता, उत्तर आलं "आपला अनुभव आमच्यासाठी मौल्यवान आहे" अन् सोबत दुसऱ्या किटवर दहा टक्के सूट. मौल्यवान आहे तं एक वीट पाठवा ना बे.

हिरव्या मिरचीचा पहिला तोडा मागच्याच आठवड्यात झाला. जांभळा लाईट तेव्हापासून कपाटावर पडून होता, मग तान्ह्या पोळ्याला पुतण्यानं बॅटरी जोडून लाकडी नंदीच्या गाडीवर बसवला, दुसरं बक्षीस आलं, स्टीलचा डबा.